तळ्याकाठचे घर लॅम्बर्टला द्यावे

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी, थेक्ला ब्रिंकहाउस, परलोकवासी आलोइस ब्रिंकहाउस यांची विधवा, वय बहात्तर, राहणार सेंट वॉल्बर्ग, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय दमले आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. वकिलाने दिलेला मसुदा मी वाचला. त्यात चूक काही नव्हती, पण तो कोणत्याही बाईला चालला असता. म्हणून हा माझ्या शब्दांत. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी राहते घर माझी थोरली मुलगी मेक्टिल्ड हिला दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते. कारण पाचव्या कलमात येईल.

कलम पहिले. मला चर्चमागच्या दफनभूमीत आलोइसच्या शेजारी पुरावे. शवपेटी साधी असावी. हातात माझी जपमाळ राहू द्यावी, ती कोणी आठवण म्हणून काढून घेऊ नये.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लकीतून माझ्या व आलोइसच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा-प्रार्थना अर्पण कराव्यात. उरलेली रक्कम मेक्टिल्डच्या पाच मुलांच्या पुस्तकांसाठी आहे. तीही माझ्यासारखी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवते. नवी पुस्तके घ्यावीत. माझी जुनी शिवून शिवून आता उघडतही नाहीत.

कलम तिसरे. स्वयंपाकघरातील ओकचे लांब टेबल मेक्टिल्डला. याच टेबलावर माझी तिन्ही मुले शिकली. आमच्या गावात तीन मुले म्हणजे कमीच. त्यावरूनही मी बोलणी ऐकली. सकाळी प्रार्थना, मग गणित, मग धर्मशिक्षण, आणि मध्येच कोणाचे तरी दूध सांडलेले. शाळाखात्याचा माणूस तपासणीला आला तेव्हा त्याने विचारले, "बाई, तुमची पात्रता काय?" आलोइस दारातून म्हणाले, "बसा, कॉफी घ्या, आणि पोरांनाच विचारा." त्याने विचारले. लॅम्बर्टने उत्तरे दिली. धाकट्या ओडिलियाने पाठांतरात अडखळून इकडेतिकडे पाहिले, आणि लॅम्बर्टने हळूच पुढचा शब्द सांगितला. तो नेहमीच सांगायचा. मी ऐकून न ऐकल्यासारखे करी. टेबलाला पॉलिश करू नये.

कलम चौथे. माझी नणंद हिल्डा हिला मोठी कॉफीची किटली. ओडिलियाच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होते. त्या वेळी हिल्डा हीच किटली हातात घेऊन, सगळ्यांसमोर मला म्हणाली, "थेक्ला, शाळेत घातली असतीस तर पोरगी आज वर्गात बसलेली असती." किटली तिने घ्यावी आणि वापरावी.

कलम पाचवे. तळ्याकाठचे राहते घर, त्यामागची जमीन व धान्याची कोठी माझा मुलगा लॅम्बर्ट ब्रिंकहाउस याला. मेक्टिल्ड, तू रागावशील. शेवटपर्यंत वाच.

ओडिलिया नऊ वर्षांची होती. पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी ती विश्वासांगीकार, म्हणजे येशूच्या मरणाची व पुन्हा उठण्याची कबुली देणारी प्रार्थना, पाठ करत होती. "अधोलोकात उतरला" इथवर यायची आणि थांबायची. त्या दिवशीही थांबली. मी म्हटले, "जा, खेळून या, मग पुन्हा म्हण." ती आणि लॅम्बर्ट गोठलेल्या तळ्यावर गेली. महिनाभर त्या बर्फावरून ट्रक जात होते. झऱ्याच्या तोंडाशी तो पातळ होता, तिथे फुटला.

लॅम्बर्ट तेरा वर्षांचा. पोटावर झोपून त्याने तिचा हात धरला. त्याच्या हाका ऐकून आलोइस कोठीतून धावले. त्यांनी लॅम्बर्टला पट्ट्याला धरून मागे ओढले, आणि ओडिलियाचा हातमोजा लॅम्बर्टच्या मुठीत राहिला. मग आलोइस स्वतः पाण्यात उतरले. ती बर्फाखाली गेली होती.

अठरा पुरी झाल्यावर लॅम्बर्ट घर सोडून गेला. याच स्वयंपाकघरात तो बापाला म्हणाला, "तुम्ही मला ओढलं नसतं तर ती आली असती. मी सोडणार नव्हतो." नंतर त्याने बापाला शिव्या दिल्या, त्या मी लिहीत नाही. आलोइसनी त्या उभ्यानेच ऐकून घेतल्या. त्यानंतर लॅम्बर्ट चर्चच्या पायरीवर चढला नाही. बापाच्या दफनालाही आला नाही.

आता जे लिहिते ते मेक्टिल्डला ठाऊक आहे, फादरांना ठाऊक आहे. दोघांनीही मला वेड्यात काढले नाही, एवढे त्यांचे उपकार. ओडिलिया गेली त्या हिवाळ्यापासून माडीवरून तिचा आवाज येई. रोज नाही, दुपारी, घर निवांत असले की. विश्वासांगीकार म्हणे. "अधोलोकात उतरला" म्हणून थांबे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मी जिन्याशी उभी राहून पुढची ओळ सांगून पाहिली. फादरांनी येऊन घर आशीर्वादित केले. मेक्टिल्डने मांडीवर बाळ घेऊन सांगून पाहिली. ओडिलिया आमचे ऐकत नसे. थांबे, आणि पहिल्यापासून.

मला भीती कधी वाटली नाही. वाईट याचे वाटे की माझे लेकरू तिथेच अडकले आहे.

या सप्टेंबरात माझ्या हृदयाचे कळले तेव्हा लॅम्बर्ट आला. केस पांढरे झालेले. मी बटाटे सोलत होते, तो नळ दुरुस्त करत होता, आणि माडीवर सुरू झाले. मी त्याच्याकडे पाहिले नाही. त्याच्या हातातला पाना थांबला.

"आई, हे किती दिवस?"

"तुला ऐकू येतंय?"

तो जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. ती "अधोलोकात उतरला" म्हणून थांबली. आणि माझा मुलगा, जो देवाला मानत नाही, टेबलाशी बसून सांगायचा तसा, हळूच, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून..."

ती म्हणाली, "...पुन्हा उठला." आणि पुढे म्हणत गेली. शेवटपर्यंत. आमेनसुद्धा.

तेव्हापासून घर गप्प आहे. दुपारी मी जिन्याशी जाऊन बसते. हेच मागितले होते मी, तरी बसते. मेक्टिल्ड, तुझ्या पाच पोरांच्या गलक्यात हे घर आनंदाने नांदले असते, हे मी जाणते. पण तुला घर आहे. त्याला ओडिलिया गेली तेव्हापासून, तेराव्या वर्षापासून, नव्हते.

कलम सहावे. आलोइसची कामाची सर्व हत्यारे लॅम्बर्टला. तो आता माझ्याकडेच राहतो. रविवारी मला गाडीने मिस्साला सोडतो आणि बाहेर बसून राहतो. मी आत बोलावत नाही. गेल्या रविवारी बाहेर आले तर गाडी रिकामी. तो मागे दफनभूमीत ओडिलियाच्या दगडापाशी उभा होता.

म्हणाला, "बाबा त्या दिवसाबद्दल कधी बोलले?"

"एकदाच. तू गेलास त्या संध्याकाळी. तुला सांगू नको म्हणाले होते."

"आता सांग."

मी सांगितले. इथेही लिहून ठेवते, म्हणजे मी गेल्यावर ते माझ्याबरोबर जाणार नाही. आलोइस म्हणाले होते, "देऊ दे शिव्या. शिव्या द्यायला तो जिवंत आहे ना."

लॅम्बर्टने वाकून बापाच्या दगडावरचा बर्फ उघड्या हाताने बाजूला केला, नाव पूर्ण दिसेपर्यंत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मेक्टिल्डने करावी. तिच्यावर माझा विश्वास आहे, रागावलेली असली तरी. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला असून खालील साक्षीदारांदेखत सही करत आहे. या दोघांनाही माझ्या मालमत्तेतून काही मिळत नाही.

सही: थेक्ला ब्रिंकहाउस

साक्षीदार: १. क्लेमेन्स ड्यूरवाख्टर, शेजारी
२. रोझेला फ्युशल, चर्चमधील ऑर्गनवादक

स्थळ: सेंट वॉल्बर्ग, मिनेसोटा
दिनांक: ६ डिसेंबर २०१९