निरवांगीहून सायलेन्सरबाबत

चि. सावळाराम यास मुक्ताआक्काचा आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? ट्रॅक्टरखाली शिरताना पोते अंथरत जा. तुझ्या बानूबाईला सांग, मासळीचा डबा धुऊन ठेवला आहे (रिकामा कसा पाठवू, म्हणून राहिला). फोनच केला असता, पण आमच्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि हे बोलणे स्पीकरवरचे नाही.

तुझ्या दाजींच्या वर्षश्राद्धाला तुला कमरेमुळे येता आले नाही, म्हणून लिहिते. सोसायटीचे चेअरमन आबाजी उठले आणि म्हणाले, “आता सर्जेरावांसाठी दोन मिनिटं सायलेन्स.” सगळे माना खाली घालून उभे. अर्धे मिनिटही झाले नसेल, तोच कालव्याच्या चारीवरच्या पुलावरून आपला ट्रॅक्टर आला (माझा रविराज आमटीची पातेली आणत होता). त्याचा सायलेन्सर यांच्या हयातीतच गंजून पडलेला. मांडव हादरला. आबाजी डोळे मिटूनच ओरडले, “आरं, बंद कर ते! माणूस गेलाय हितं!” आणि मला हसू आले. बायकांना वाटले मी रडते, दोघींनी धरले, तशी मी आणखीच हसले. पंधरा वर्षे ट्रॅक्टर त्या पुलावर आला की मी चहाचे आधण ठेवायचे. त्यांच्यासाठी आम्ही गप्प उभे, आणि तिकडून त्यांचाच आवाज येतोय.

दुसऱ्या दिवशी नातीच्या, संस्कृतीच्या, डिक्शनरीत आबाजींचा तो ‘सायलेन्स’ शब्द काढला (इंग्रजी मी तिच्याच पुस्तकांवर शिकले, तिच्या आधी पाठ झाले). पहिला अर्थ शांतता. तो दवाखान्याच्या भिंतीवर लिहितात. दुसरा मौन. तो मी सासूबाईंपुढे तीस वर्षे पाळला. तिसरा, गप्प करणे. पहिल्या दोघांशी माझे भांडण नाही.

रविराजला मात्र लाज वाटली. त्याच आठवड्यात भिगवणला येऊन त्याने तुझ्याकडून नवा सायलेन्सर बसवून घेतला. तुझे काम चोख, दोष देत नाही. पण ट्रॅक्टर मांजरासारखा दारात येऊन उभा राहू लागला. चार दिवस आधण कधी ठेवायचे तेच कळेना. पाचव्या दिवशी सायलेन्सर गायब. रविराज शेजारच्या लखनवर संशय घेऊन बसला आहे. काळ वाईट आला, दुसरे काय. असो. कमरेला शेक दे.

तुझी,
मुक्ताआक्का

ता. क. रविराज गुरुवारी दुसरा सायलेन्सर घ्यायला येईल. “कंपनीतनंच येत न्हाय,” म्हणून सांग. पुढच्या खेपेलाही हेच सांग.

पुन्हा ता. क. लखनने काही नेलेले नाही. तुझा सायलेन्सर माझ्या ज्वारीच्या कणगीत आहे. तुझे दाजी ट्रॅक्टर खोलायचे तेव्हा पाने हातात द्यायला मीच असायचे, चार बोल्ट काढायला कितीसा वेळ? रविराजने मला विचारले तर मी दुसरा अर्थ पाळणार. लखनला जाब विचारला, तर त्याच मिनिटाला मोडणार. तू तेवढा आजपासून पाळायला लाग.