कोडोलीच्या मधमाश्या

॥ श्री ॥
कोल्हापूर, ता. ४ मार्च १९७६

जिवाभावाच्या हुसेनबीस माईचा सप्रेम नमस्कार वि. वि.

इकडं सगळं खुशाल हाय, तुमच्या घरची खुशाली कळवावी. अक्षर कोंबडीनं उकिरल्यागत आलंय, पर आपली दोघींची शाळा तिसरीतच सुटली, तवा तू नावं ठेवायची न्हाईत.

बातमी अशी की आम्ही आफ्रिकेला निघालोय. धाकटा अंबादास नैरोबीला कारखान्यात हाय, त्यानं मे महिन्यात सगळ्यांना बोलावलंय. मी, आमचे हे, थोरला आन त्याची विमला. नात तिकडंच जन्मली, बोलाय-चालाय लागली, पर मी आपली फोटोवरनंच हात फिरवते. तिला मांडीवर घ्यायची तर विमानात बसाय पायजे, मग बसणार की. गल्लीत निम्म्या बायकांना मी सांगितलं, उरलेल्या निम्म्यांना त्यांनी.

पोरगा लई धास्तीखोर. दर पत्रात हुकूम. रक्तदाबाच्या गोळ्या दोन पिशव्यांत ठेव, एक हरवली तर दुसरी असंल. जादा चष्मा घे. पाणी उकळूनच पी. मच्छरदाणीबिगर निजू नको. त्याचा पत्ता मी माझ्या पानाच्या चंचीला आतनं शिवून टाकलाय, चुकलेच कुठं तर चंची उलटी करून दाखवायची. ह्यांनी विचारलं, चंचीच हरवली तर? ह्यांच्या तोंडातनं कधी चांगलं यायचं न्हाय.

देवी टोचून झाल्या. आता पिवळ्या तापाची सुई ऱ्हायली. ती मुंबईलाच मिळते, आन तिचा दाखला नसला तर परत येताना आपल्याच सरकारची माणसं कोंडून ठेवतात म्हणे. त्याआधी आमच्या डॉक्टरनं तपासलं. अंडं खाल्लं की काय त्रास होतो का, असं विचारलं, कारण ती लस अंड्यात वाढवतात. विमला मोठ्यानं हसली, म्हणाली, आमचं माळकऱ्याचं घर, माईंनी अंडं हातातसुदीक धरलं न्हाय. मी मान हलवली आन पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले. कोडोलीतलं तुमचं परस डोळ्यांम्होरं आलं बघ. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

मुलाबाळांना आशीर्वाद. माया हाय तशी ऱ्हाऊ दे आन पत्राला उशीर लावू नको.

तुझी,
माई


७८६
कबनूर, ता. ११ मार्च १९७६

सौ. माईस हुसेनबीचा सलाम वि. वि.

पत्र पोचलं. यंत्रमागांच्या खडखडाटात आमच्या पोरानं, मेहमुदानं ते ओरडून वाचलं, तवा निम्म्या कबनूरलाबी कळलं तू आफ्रिकेला चाललीस म्हणून. हे उत्तर मात्र सुनेकडनं न्हाय, माझ्या हातानं लिहितेय.

तुला हसू आलं. मला न्हाय आलं. तुला परस आठवतं, पुढचं न्हाय. आमच्या अम्मानं उकडलेलं अंडं आपण मीठ लावून निम्मं निम्मं खाल्लं. मला काय झालं न्हाय. तुझे ओठ तेलात वडा फुगावा तसे फुगले, डोळे मिटले, गळ्यातनं शिट्टी वाजाय लागली. अम्मा तुला मांडीवर घेऊन रडत होती, माळकऱ्याची लेक माझ्या दारात मरती म्हणून. दिवस मावळता उतरलं. तुझ्या घरी मधमाश्या चावल्या असं सांगितलं, आन तू मातर देवानं शिक्षा केली म्हणून धरून बसलीस.

शिक्षा न्हवं ती. माझ्या धाकट्या पोराच्या, गैबीच्या लेकीला अस्संच होतं. इचलकरंजीचा डॉक्टर म्हणाला, काहींच्या अंगाला अंडं सोसत न्हाय, आन दुसऱ्या खेपेला ते जास्त भोवतं.

माई, डॉक्टरनं तुझा धरम विचारला न्हाय, तुझं अंग विचारलंय. जा आन सांग. सुई चुकली, आफ्रिका चुकली, नात चुकली तरी चालंल. दाजी चिडले तर माझं नाव घाल पुढं.

दाजींना सलाम. दोन ओळींत का हुईना, सांगितलंस तेवढं कळव.

तुझी,
हुसेनबी


॥ श्री ॥
कोल्हापूर, ता. २२ एप्रिल १९७६

जिवाभावाच्या हुसेनबीस माईचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून पयल्यांदा तुझाच राग आला. उशाखाली घालून ठेवलं. नातीचा फोटो बघितला की वाटायचं, लहानपणची गोष्ट ती, गप सुई घ्यावी आन जावं. मग मुंबईच्या गाडीची तिकिटं घरात आली. मला तिथं काय झालं तर अंबादासला तारेत काय लिहितील, हे मनात आलं.

मग काय, डॉक्टरकडं सगळ्यांसमोर बोलून टाकलं. त्यानं कागद बाजूला सारला. म्हणाला, ही सुई तुम्हाला न्हाय, आन बरं झालं बोललात. मी तिथंच पदर डोळ्याला लावला. घराच्या दारात आल्यावर विमला हळूच विचारती, माई, लागतं कसं ते?

ह्यांनी एवढंच विचारलं, "मग मधमाश्या?"

हुसेनबी, मला ठाऊकच न्हवतं गं. लग्न ठरताना आमच्या बानं ह्यांना बजावलं होतं, पोरीला मधमाशी सोसत न्हाय, जीव जायची पाळी आलती. तवापासून परसातल्या जांभळीवर पोळं दिसलं की हे माणूस बोलवून काढवायचे. पन्हाळ्याला गेलतो तर छत्री फिरवत माझ्या म्होरं चालत होते. मी जन्मभर समजले, हेच माशीला भितात. चारचौघांत त्यावरनं चिडवलं त्यांना. कधी उलटून बोलले न्हाईत.

अंबादासचं पत्र आलं. आधी रागावलाय, आणखी काय काय लपवलंस म्हणून. पर पुढं लिहितो, तू इकडं येऊ शकत न्हाईस तर मधे भेटू. तो बायकोला आन नातीला घेऊन सिलोनला येतोय. तिथं जायला आपल्याला ती सुई लागत न्हाय, रामेश्वरपर्यंत रेल्वे, पुढं बोट. रामेश्वराचं दर्शनबी हुईल, आन परदेश तो परदेशच की. गल्लीत परत सगळ्यांना सांगाय लागलंय. डॉक्टरनं मला अंडं चालत न्हाय असं इंग्रजीत लिहून दिलंय, तेबी चंचीत पत्त्याशेजारी शिवलं.

काल हे बाजारातनं मधाची बाटली घेऊन आले. या घरात पयली. डॉक्टरला आधी विचारून आलोय, म्हणाले. माझ्या तळहातावर चमचाभर घातला, आन मी चाटून संपवीस्तवर समोर बसून माझ्या ओठांकडं बघत होते.

निघायच्या आधी एकदा येऊन जा. बाटलीतला निम्मा तुझा हाय.

तुझी,
माई