कोठाराची मोठी तुळई

दादा,

कोठार उतरवून झालं. दारं, फळ्या, कौलं गिऱ्हाईकं घेऊन गेली. अंगणात आता फक्त मोठी तुळई उरली आहे, तुझ्या नव्या घराच्या छतासाठी राखलेली. ती मी तुला देणार नाही.

फोनवर तू म्हणालास, "इंजिनियर बाई, तुलाच हवी असेल तर सरळ सांग ना!" मला नकोय. मी तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत गिरमिटाने भोकं पाडून पाहिली. वरून ती दणकट दिसते, पण सगळीकडे आतून नुसता भुसा येतो. वाळवीने कवच तेवढं ठेवलंय. तिच्याखाली तुझ्या मुली झोपणार आहेत.

हेच सांगितलं तेव्हा तू हसलास. "बाबांच्या वेळेपासून छप्पर पेलत होती, तिला काय धाड भरलीय?" म्हणालास, आणि उद्या टेम्पो घेऊन येतोयस. येशील, तिच्यावर थाप मारशील, बाबांचा विषय काढशील, आणि माझ्या तोंडून "ने" निघून जाईल. तुझ्यापुढे माझं दरवेळी असंच होतं.

सकाळपासून तिच्याभोवती फेऱ्या मारतेय. सुतारकाका करवत घेऊन ताटकळलेत. "ताई, कापायची की अजून एक चहा घ्यायचा?" असं त्यांनी आत्ता पुन्हा विचारलं.

या पत्राचा फोटो आत्ता पाठवला तर तू उद्याची वाट न बघता तडक निघशील. म्हणून पत्र खिशात ठेवतेय आणि काकांना "कापा" म्हणतेय. उद्या टेम्पोत चढवायला तुळई नसेल. भांडायला मी असेन.

तुझी
धाकटी