जर्नल पूर्ण होईपर्यंत

१८ ऑगस्ट, सोमवार
आज अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. कॉम्प्युटर लॅबमध्ये. मानसीने बॅग उचलली, माझ्या शेजारून उठली आणि सात नंबरच्या कॉम्प्युटरवर दिपेशजवळ जाऊन बसली. जूनपासून आम्ही एका कॉम्प्युटरवर होतो. मी बोलायचो, ती टाइप करायची. अख्ख्या एफवायमध्ये एवढी जमलेली जोडी नव्हती.
जाताना म्हणाली, "परेश, मी दोघांचं करू शकत नाही. आधी तू तुझं कर."
म्हणजे मी माझं केलं की ती परत येणार. सरळ आहे. १९ सप्टेंबरला जर्नलचं सबमिशन. दहा पायथन प्रोग्रॅम, प्रत्येकाची पहिली ओळ स्वतःचं नाव आणि रोल नंबर छापणारी. रत्नपाल सरांची सही असेल तरच परीक्षेला बसता येतं. एक महिना. दहा प्रोग्रॅम म्हणजे काहीच नाही.

१९ ऑगस्ट
टाइमटेबल केलं. चार रंगांची स्केचपेनं. पहाटे पाच ते सात पायथन. अख्खा दिवस त्यातच गेला, पण पाया पक्का झाला. आईने विचारलं, चांगलं हाय, पण पाचला तुला उठवणार कोण? घरातूनच असा खोडा असतो.

२० ऑगस्ट, सकाळी ९.४०
उठलो.

२५ ऑगस्ट
पहिला प्रोग्रॅम. तीन आकड्यांची सरासरी. स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर. कीबोर्डवर जरा जोरात हात पडला. सर म्हणाले, एरर वाच, चूक कितव्या ओळीत आहे ते त्यातच लिहिलंय. मी म्हणालो, विद्यार्थ्याशी बोलायची ही पद्धत नाही. बाहेर काढलं. मानसीने मान वर केली नाही. तिला माझ्यासाठी फार वाईट वाटलं असणार.

३ सप्टेंबर
गौरी-गणपती गेले. आठवडाभर पाहुणे, आरत्या. पायथनला हात लावला असता तर लोकांनी काय म्हटलं असतं?

८ सप्टेंबर, सोमवार
सकाळी आगरदांड्याच्या जेटीवर उभा राहिलो. मानसी दिघीहून बोटीने येते. दिपेश म्हसळ्याचा, तोही त्याच बोटीत. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, लिमिटमध्ये राहा. तो म्हणाला, "अरे, आम्ही प्रॅक्टिकल करतो रे. तुला लूप समजत नसेल तर रविवारी ये, दाखवतो." असलं गोड बोलणं मी ओळखून आहे. मानसी सरळ मुरुडच्या एसटीत जाऊन बसली. माझे सहा प्रोग्रॅम झालेत असं मला तिला सांगायचं होतं. झाले नव्हते, पण डोक्यात होते.

१७ सप्टेंबर, बुधवार
डोक्यातून वहीत यायला वेळ लागतोय. जेटीवर मानसीकडे तिचं जर्नल मागितलं. नाही म्हणाली. मग मी म्हणालो, ठीक, मी कॉलेज सोडतो, कारण तू. तिने एकदा बोटीकडे बघितलं. मग बॅगेतून काढून दिलं. बघून समज, उतरवू नको, एवढंच म्हणाली.
दिलं शेवटी.

१८ सप्टेंबर
सकाळी नऊ ते चार. एका बैठकीत दहाच्या दहा. अक्षर असं आलंय की छापल्यासारखं. बाबा ट्रक घेऊन सुरतला गेले होते ते आजच आले. आंघोळही न करता त्यांनी एकेक पान बघितलं. म्हणाले, "आपल्या घरात एवढं कुनी लिवलं न्हाय."
का कोण जाणे, मला जेवण गेलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
सरांनी जर्नल उघडलं. मी सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. दहाही प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत मानसी, रोल नंबर एकेचाळीस. सरांनी शांतपणे विचारलं, "तू एकेचाळीस नंबर कधी झालास?"
लॅब हसली. मग सरांनी मानसीचं जर्नल घेतलं, मी सकाळीच तिला परत दिलेलं, आणि तेही मिटून ठेवलं. दोघांनाही सही नाही.
थोड्या वेळाने म्हणाले, "परेश, इथं बस. पहिला प्रोग्रॅम माझ्यासमोर लिही. पुस्तक बघून लिही. जमला तर दोघांना सही देतो."
तीन आकड्यांची सरासरी. सगळे बघत होते. मानसीने खुर्ची माझ्याकडे सरकवली. स्वतःच्या हाताने.
मी म्हणालो, मला तुमच्या सहीची गरज नाही, मी कॉलेज सोडतो. आणि निघालो.
सगळा दोष मी अंगावर घेतला. तिला कळेल.

२३ सप्टेंबर
सोळा मेसेज. उत्तर नाही. रेंज नसेल.
दिपेश भेटला. म्हणाला, शनिवारी सरांनी तिला एकटीला बसवून दहाही प्रोग्रॅम परत लिहून घेतले. दुपारी जेवलीही नाही. सही मिळाली. पण घरी कळलंय. तिचे वडील म्हणाले, पुन्हा असं काही कानावर आलं तर कॉलेज बंद.
म्हणजे तिची पक्की तयारी झाली. एका अर्थी माझ्यामुळेच.

६ ऑक्टोबर, सोमवार
आज तिची प्रॅक्टिकल परीक्षा. इस्त्रीचा शर्ट घातला. तिला सांगायचं होतं, मी पुढच्या जूनला पुन्हा अ‍ॅडमिशन घेतो, तोवर थांब. एसटीत वाक्य पाठ केलं.
पोचलो तेव्हा परीक्षा सुरू झाली होती. आत गेलो, थेट तिच्यापाशी. सर खुर्चीतून उठले. मी म्हणालो, मानसी, दोन मिनिटं.
तिने माझ्याकडे बघितलं नाही. हातही थांबले नाहीत. रडवेल्या आवाजात, एकदम हळू म्हणाली, "परेश, माझा वेळ चाललाय रे."
तिला माझी भीती वाटत होती. आजवर मी तो राग समजत होतो, लाज समजत होतो, काय काय समजत होतो.
पाठ केलेलं वाक्य आठवत होतं. बोललो नाही. सर हाताला धरायला आले, त्यांना म्हणालो, जातो.
दार आपटलं नाही. आत सगळे लिहीत होते. बाहेर येऊन दोन्ही हातांनी धरून, आवाज होणार नाही असं लावलं.