आतली कडी

मंगळवार, ऑगस्ट १९८६, बोरिवली

आज सुनंदा स्टाफरूमबाहेर थांबली होती. माझ्या एस.वाय.च्या वर्गातली, गोराईच्या कोळीवाड्यातली, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. म्हणाली, "मॅडम, आमचे केमिस्ट्रीचे सर जर्नल तपासायला एकेकीला केबिनमध्ये बोलावतात. आतून कडी लावतात." पुढे नुसती ओढणी पिळत राहिली. जर्नल तपासायला कडी कशाला लागते?

तशीच प्रिन्सिपॉलांकडे गेले. ते चहा ढवळत म्हणाले, "बाई, पुरावा काय? उद्या पोरीचंच नाव खराब होईल. तिचं लग्न व्हायचंय ना?" कडीचं सांगितलं तरी नवल म्हणून वाटलं नाही त्यांना. म्हणजे माहीत होतं?

दुपारी सर वर्गावर होते तेव्हा स्क्रूड्रायव्हर घेऊन केबिनमध्ये गेले आणि कडीच काढून टाकली. शेवटचा स्क्रू निघतोय तोच सर दारात.

"हे काय चाललंय?"

"आता दार उघडं ठेवून तपासा, सर. सुनंदासोबत मी येणार."

ते हसले. "तुमची नोकरी अजून पर्मनंट नाही ना?"

भीती वाटली. खोटं कशाला लिहू?

संध्याकाळी गेटवर सुनंदाला म्हटलं, "घाबरू नकोस गं, मी आहे." तिने मान हलवली. "नको मॅडम. काल घरी सांगितलं. आई म्हणाली, शिक्षण पुरे झालं."

उद्यापासून ती आईबरोबर मासळीबाजारात बसेल. सर उद्या नेहमीसारखे पहिल्या तासाला येतील.