पावणेदोन तासांची वाट

प्रिय अप्पा,

तिरुचीच्या विमानतळावर बसून हे लिहितेय. काल तुमचं तेरावं झालं, आज सिंगापूरला परत चाललेय. घराची किल्ली शेजारच्या कमला मामींकडे दिली. तमिळ मुलखात राहून तुम्ही शिकवलेल्या मराठीच्या बाळबोध अक्षरांत लिहितेय खरी, पण ती वाचणारं आपल्या घरात आता आहे कोण?

माझी एक लबाडी कबूल करायची राहून गेली.

मी पहिल्यांदा सुट्टीला आले तेव्हा माझं तिकीट हातात घेऊन तुम्ही सुटायची वेळ पाहिलीत, पोचायची वेळ पाहिलीत आणि केलीत वजाबाकी! तंजावूरच्या बस स्टँडवर टाइमकीपर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस दुसरं काय करणार? संध्याकाळी सातला सुटून रात्री पावणेनऊला पोचतं, म्हणजे पावणेदोन तास. परतीचे मात्र पावणेसात! "पाहिलंस मा? घरी येताना विमानसुद्धा पळत येतं," म्हणत केवढे हसलात!

अप्पा, सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असतं. जाताना काय नि येताना काय, विमानाला सव्वाचार तासच लागतात. शिवाय विमानतळावर आधी पोचायचं, उतरल्यावर तंजावूरपर्यंत गाडी. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही गल्लीभर "आमची लेक मदुरैपेक्षा जवळ राहते" म्हणून सांगत फिरलात, आणि मी गप्प बसले. मला ते सोयीचं होतं. तुम्हाला एकटं टाकून गेल्यासारखं मला वाटत नसे.

दोन आठवड्यांपूर्वी त्या दिवशी सकाळी तुमच्या छातीत दुखायला लागलं. मामी तुम्हाला हॉस्पिटलात घेऊन गेल्या, मला फोन लावू लागल्या, तर तुम्ही अडवलंत. "आत्ताच कशाला? ती कामावर असेल. पावणेदोन तासांची तर वाट. संध्याकाळी सांगा, सरीया? ठीक ना?"

माझ्या कामाची एवढी काळजी कुणी करायला सांगितली होती तुम्हाला? सकाळीच कळवलं असतंत तर धडपडत का होईना, पोचले असते!

संध्याकाळी फोन आला तेव्हा त्या दिवसाचं विमान निघून गेलं होतं. मामी सांगत होत्या, "तुला कळवलं म्हटल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं मा. दोन तासांनी म्हणाले, 'अजून आली नाही?' अय्यो, मी काय सांगू? मग काहीच विचारलं नाही त्यांनी." पहाटे तुम्ही गेलात. मी पोचले त्या रात्री साडेदहाला.

मला लेट धरलंत का हो, अप्पा? ड्रायव्हरांची एक सबब कधी ऐकून घेतली नाहीत. माझ्यासाठी एखादी शोधलीत का? हे आता मला कोण सांगणार?

वर्षश्राद्धाला मी आदल्या दिवशीच येईन. कुलूप स्वतः उघडीन, घर झाडीन, दिवा लावीन. वाट पाहणारं कुणी नसलं तरी येईन. आणि सिंगापूर किती लांब म्हणून कुणी विचारलं, तर खरं तेच सांगीन. फार लांब आहे.

तुमचीच,
मीनू