खांदा नक्की कधी दुखतो?

तीर्थरूप आईला धाकटीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, तेव्हा ते विचारू नकोस. लहानपणी माझं पित्त खवळलं की सगळे लांब पळायचे; आता त्याच पित्तावर माझं पोट चालतंय! तेल-तूप पचायला पित्त लागतं, पण ते पोटातल्या पित्ताच्या पिशवीत साचून घट्ट झालं की त्याचे खडे होतात. ते का होतात, हेच आम्ही इथे संशोधन केंद्रात शोधतो.

परवा खडे झालेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना विचारलं, "दुखतं कुठे?" त्यांनी पोटाला हातच लावला नाही. हात वळवून उजव्या खांद्यामागे नेला. म्हणाल्या, "मला वाटायचं, मशीन चालवून दुखतंय."

आई, तुझा हात अगदी तिथेच जायचा गं. घरात तळणीचं जेवण झालं की तू पालथी पडायचीस आणि मी अंगठ्याने चेपत बसायचे. बाबा म्हणायचे, "धुणं जरा कमी आपट." तुझ्या पदराचा तो साबणाचा वास अजून आठवतो.

अजून दुखतं का? जेवल्यावरच का? बाबांना घेऊन जा आणि सोनोग्राफी करून ये. खांद्याची नाही, पोटाची. घाबरू नकोस, यावर चांगले उपाय आहेत.

चेपून झालं की तू म्हणायचीस, "गेलं बघ दुखणं, तुझ्या हाताला गुण आहे." मी दिवसभर फुशारकी मारत फिरायचे. या वेळी माझं मन राखायला तसं म्हणू नकोस.

तुझीच,
धाकटी